दुसऱ्या अंतऱ्यातली ओळ

नलिनी तावडे गाणी लिहायला शिकवते, असं सांगितलं की लोकांना आधी हसू यायचं. गाणं काय शिकवून येतं? तिचा थोरला भाऊ तर तोंडावर म्हणायचा, "उद्या शिंकायचा क्लास काढशील." पण अंधेरी पश्चिमेला एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी दुपारी तिचा वर्ग भरायचा आणि माणसं यायची. कॉलेजातली पोरं, एक नर्स, पोस्टातून निवृत्त झालेले एक काका, रॅप करतो म्हणून सांगणारे दोघे मित्र. पंख्याचा आवाज एवढा, की गुणगुणायचं तरी घसा ताणून गुणगुणावं लागे.

नलिनीचे वडील सावंतवाडीकडून येऊन गिरणीत लागले होते. गिरणी गेली, तसं कुटुंब परळची खोली सोडून चारकोपला सेक्टरमधल्या बैठ्या घरात आलं. नलिनी तिथेच वाढली, तिथेच राहिली. लग्न केलं नाही. आधी जाहिरातींच्या ओळी, मग लहान मुलांची गाणी, मग मालिकांची शीर्षकगीतं. एक काळ असा होता की दिवेलागणीला सेक्टरातून चालत गेलं, तर चार घरांतून तिचेच शब्द ऐकू यायचे. पुढे शीर्षकगीतं आखूड झाली. मग नुसतं संगीतच उरलं. नवी पोरं आली, ती एका बैठकीत तीन पर्याय लिहून द्यायची. नलिनीचा फोन वाजायचा कमी झाला. हे तिनं कुणापाशी बोलून दाखवलं नाही. वर्ग काढला आणि लोकांना सांगितलं, "आता नव्या मुलांना द्यायची वेळ आली."

शिकवायची मात्र मनापासून. पहिल्याच दिवशी सांगायची, "चंद्र, पापणी आणि सांजवेळ, तिघांना बाहेर चपलांपाशी ठेवून यायचं. परत जाताना घेऊन जा हवं तर." मग म्हणायची, "घरातली अशी एक वस्तू आणा, जिला सकाळपासून तुमचा हात लागलाय. तिच्यावर लिहा." बाकावर बोटांनी ठेका धरायला लावायची. ओळ कुठे अडखळते ते डोळ्यांनी नाही, जिभेनं ओळखायचं, हे तिचं सांगणं. पोरांना ती आवडायची. तिलाही तिथे आपण अजून कोणीतरी आहोत असं वाटायचं.

त्या वर्षीच्या तुकडीत दर्शना होती. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी. वडील आणि काका बोटीवर, आई मालन अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. पहिले काही शनिवार दर्शनानं काहीच वाचलं नाही. मग एकदा सगळ्यांचं झाल्यावर म्हणाली, "मॅडम, माझं थोडंसंच आहे." आणि मान खाली घालून तिनं वाचलं:

*लिंबू चोळून, साबण लावून*
*आई धुते हात,*
*तरी माझ्या पुस्तकांना*
*दर्याचा गं वास.*

पोस्टातले काका "वा" म्हणाले. नलिनीच्या अंगावर काटा आला होता. बऱ्याच दिवसांत तिच्या स्वतःच्या ओळींनी असं केलं नव्हतं.

"हात आणि वास जुळत नाही ना?" दर्शनानं विचारलं.

"जुळतं. जेवढं जुळायला हवं तेवढं जुळतं. पुढे काय आहे?"

पुढे दुसरा अंतरा होता. दर्शना पहिल्या वर्षाला असताना आई एकदा बाजारातून परस्पर कॉलेजच्या दारात आली होती, लेक डबा विसरली म्हणून. दर्शनानं तिला वरून पाहिलं. आईच्या साडीला पाणी, हातात टोपली, आणि इकडे आपल्या शेजारी मैत्रिणी उभ्या. तिचे पाय पुढे होईनात.

*कॉलेजच्या दारात उभी*
*डबा घेऊन आई,*
*मी जिन्यातच थांबून राहिले,*
*खाली आलेच नाही.*

"आईला माहीत आहे हे?" नलिनीनं विचारलं.

"हो. त्याच संध्याकाळी मी रडून सांगितलं तिला. ती हसायला लागली. म्हणाली, बरं केलंस, खाली आली असतीस तर मीच लाजले असते." दर्शनाही हसली. "आता आम्ही चिडवतो एकमेकींना."

वर्षअखेरीला वर्गाचा कार्यक्रम व्हायचा. त्या वर्षी नलिनीनं जरा बरा हॉल घेतला, कारण तिनं हितेशला बोलावलं होतं. हितेश पूर्वी तिच्याकडून जाहिराती लिहून घ्यायचा. आता वेब सिरीज काढायचा, अंधेरीतच ऑफिस होतं. फोनवर म्हणाला, "येतो ना नलिनीताई. काहीतरी रिअल ऐकवा. हल्ली सगळं प्लास्टिक येतं." फोन ठेवताना नलिनीच्या डोळ्यांसमोर दर्शनाचं गाणं होतं. त्यापाठोपाठ स्वतःचं नावही आलंच.

चाल लावायला केयूर आला. तरुण, कीबोर्ड वाजवायचा, कानाचा तयार. दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटाला त्यानं चाल वर नेली आणि थांबला. "इथं ओळ पडते, मॅडम. सूर वर जातोय आणि ती जिन्यातच बसलीये. काहीतरी लागायला पाहिजे इथं. ठप्प असं."

त्याचं खरं होतं. नलिनी खिडकीशी गेली, ओठांतल्या ओठांत चाल म्हणाली. आई. नाही. आई. बाई. यमकानंच हात पुढे केला. ती वळली आणि म्हणाली:

*कुणी पुसलं, "कोण गं ही?"*
*म्हटलं, "कामवाली बाई."*

केयूरची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. "वाट लावलीत, मॅडम," तो हळूच म्हणाला. त्याच्या बोलीत ही दाद होती.

दर्शनाचा चेहरा उतरला. "पण मॅडम, मी असं नाही म्हटलं."

"माहितीये गं."

"कधीच नाही म्हटलं. मनातसुद्धा नाही."

"अगं, गाणं म्हणजे काय पोलीस चौकीतला जबाब आहे? तू जिन्यात थांबलीस, म्हणजे मनात तेच म्हटलंस. आपण फक्त ते उघड करतोय. शेवटच्या रांगेतल्या माणसाला बोचलं पाहिजे ना?"

"आई येणार आहे ऐकायला."

"येऊ दे की. तुमचं तर हसून झालंय ना सगळं? तिला कळेल, गाणं आहे."

दर्शना गप्प बसली. ती बसली म्हणजे तयार झाली, असं नलिनीनं धरून चाललं. पुढे कितीतरी वेळा तिला ती गप्प बसलेली मुलगी आठवली. शिक्षकासमोर गप्प बसणं म्हणजे हो नसतं, हे तिला त्या दिवशीही माहीत होतं. फक्त त्या दिवशी ते तिच्या सोयीचं नव्हतं.

कार्यक्रमाला मालन नटून आली. हिरवी साडी, अंबाड्यावर भरगच्च गजरा, गळ्यात सोनं. सोबत सासू सुंदराबाई आणि बाजारातल्या दोघीतिघी. त्या मागे बसायला निघाल्या, तर नलिनीनं स्वतः हाताला धरून मालनला पहिल्या रांगेत आणलं. "तुमच्यावरच गाणं आहे. मागे काय बसता?" मालन लाजली. सासूला म्हणाली, "आई, बघा, मना पुढं बसवतान."

दर्शना माईकसमोर आली, तेव्हा नलिनीला वाटलं, दोन शब्द बोलावेत. हितेश तिसऱ्या रांगेत फोन चाळत होता. तिनं माईक घेतला. "मी मुलांना सांगते, बनवून लिहू नका. आता जे गाणं तुम्ही ऐकणार आहात, त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. ही मुलगी ते जगली आहे." हितेशनं फोन खिशात टाकला. नलिनीला ते दिसलं आणि बरं वाटलं.

दर्शना छान गायली. लिंबू आणि साबणाला मालन मोकळेपणानं हसली, शेजारणीला कोपरानं ढोसलं. मग दुसरा अंतरा आला. चाल वर गेली, ओळ ठप्प पडली. सगळ्या हॉलनं एकदम श्वास घेतला. नलिनीनं हितेशकडे पाहिलं, मग मालनकडे.

मालन हसत नव्हती. रडतही नव्हती. मांडीवर ठेवलेले दोन्ही हात तिनं हळूच पदराखाली घेतले आणि लेकीकडे बघत राहिली. सुंदराबाईनं शेजारणीला विचारलं, "काय बोलली ती?"

टाळ्या थांबेनात. आणि नलिनीनं तेव्हा आणखी एक गोष्ट केली, जी आठवली की पुढे रस्त्यानं चालतानासुद्धा तिच्या तोंडून 'श्शी' निघायचं. तिनं मालनला स्टेजवर बोलावलं. मालन आली, बोलावलं म्हणून. तिच्या हातात फूल दिलं, लेकीनं पायांना हात लावला, सगळा हॉल उभा राहिला, फोन वर झाले. "आई, दोन शब्द बोला." मालन माईककडे बघत म्हणाली, "पोरीनं चांगलं गायलं." आणि खाली उतरायचा जिना शोधायला लागली.

चहाच्या वेळी ती नव्हती. फूल खुर्चीवर होतं. दर्शना रडत नलिनीला शोधत आली. "मॅडम, ती गेली. रिक्षा करून गेली. तिला वाटतंय मी खरंच म्हटलं."

"मी बोलते त्यांच्याशी," नलिनी म्हणाली. तेवढ्यात हितेश आला आणि म्हणाला, "ताई, भेटू या."

कुणीतरी केलेलं चित्रीकरण या फोनवरून त्या फोनवर फिरलं. 'शब्द न् शब्द खरा' हे नलिनीचं वाक्यही त्यात होतं. बाजारात गिऱ्हाइकं मालनला ओळखायला लागली. कुणी म्हणे, "मावशी, तुमच्यावर गाणं आलंय ना?" एक बाई तर पापलेट निवडता निवडता डोळे पुसून म्हणाली, "मुलं अशीच असतात हो."

शनिवारी दर्शना वर्गाच्या आधी आली. तिचे डोळे सुजलेले होते. "मी सांगितलं तिला, ओळ मॅडमनी घातली. ती म्हणते, मॅडम तर बोलल्या, सगळं खरं हाय. ती भांडत नाही हो. भांडली असती तर बरं. ती आता माझ्या कपड्यांना हात लावत नाही. दोरीवरून काढायचे असले तर आजीला सांगते. मी विचारलं का, तर म्हणते, वास लागतो." तिनं मान वर केली. "तुम्ही येऊन सांगा ना एकदा."

"येते. या आठवड्यात येते."

त्या आठवड्यात ती गेली ती हितेशच्या ऑफिसात. हितेशला गाणं मालिकेत हवं होतं आणि गाण्याभोवती गोष्ट लिहायला नलिनी हवी होती. थंडगार खोली, काचेच्या पेल्यात लिंबूपाणी. "बस एकच," तो म्हणाला, "हे असं घडलंय ना खरंच? ती ओळ? त्याच्यावरच तर सगळं उभं आहे. पुढे कुणी काढलं, तर आपली वाट लागेल."

"घडलंय," नलिनी म्हणाली.

एवढंसं उत्तर. ओळ सुचली तेव्हा निदान गाण्याची धुंदी होती. इथे काहीच नव्हतं, फक्त आपलं नाव पुन्हा पडद्यावर दिसण्याची हाव. घरी येऊन तिनं तोंड धुतलं आणि आरशात न बघता ते पुसलं. दर्शनाचा फोन वाजला, तो तिनं वाजू दिला. पन्नाशी उलटलेली बाई विशीतल्या मुलीचा फोन बघून दुसऱ्या खोलीत जाते, हे तिचं तिलाच दिसलं. तेव्हा कुठे तिनं चपला घातल्या.

दुपारचा बाजार ओसरला होता. मालन पाटावर बसून उरलेल्या बोंबलांवर बर्फ टाकत होती. नलिनीला पाहून तिनं घाईनं हात पुसले. "या मॅडम. काय देऊ?"

"घ्यायला नाही आले. सांगायला आले. मालनताई, ती ओळ माझी आहे. कामवालीची. दर्शनानं तसं कधीच म्हटलं नाही, लिहिलंही नाही. ती नको म्हणत होती. मी घातली."

मालननं तिच्याकडे नीट पाहिलं. "पोरीनं पाठवलंन तुमाला?"

"नाही... म्हणजे तिनं सांगितलं होतं यायला. पण खरं तेच सांगतेय."

"बघा," मालन शांतपणे म्हणाली, "पोरगी चुकली. पोरं चुकतात. मी काय तिला टाकली नाय. तुमी कशाला तिचं अंगावर घेता?"

"मी अंगावर घेत नाहीये. माझंच आहे ते."

मालननं बर्फाचा तुकडा फोडला. शेजारच्या पाटावरची बाई आता उघड ऐकत होती. "मॅडम, तवा माईकवर, एवढ्या लोकांपुढं तुमी बोललात, शब्द न् शब्द खरा. आता हितं, माझ्या कानात बोलता, खोटा. मना सांगा, मी कुठलं खरं धरू? मोठ्यानं बोललेलं का हळू बोललेलं?"

ओळी सुचवणं हा जिचा धंदा, ती मासळीच्या पाटासमोर तोंड उघडं ठेवून उभी राहिली. तिला कळलं, की ती इथे आली होती ती कमीत कमी लोकांना कळावं म्हणून. बाजार ओसरल्यावर, दुपारचं, एकटीला गाठून. माफीसुद्धा तिनं सोयीनं मांडली होती.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली आणि निघाली.

वाचनालयात त्या शनिवारी तिनं केयूरला चित्रीकरणासाठी फोन समोर धरायला सांगितला. सगळा वर्ग समोर बसला होता, दर्शनाही. नलिनीनं आधी लिहून आणलं नव्हतं, त्यामुळे वाक्यं वेडीवाकडी आली. "मी नलिनी तावडे. त्या गाण्यात एक ओळ आहे, कामवाली बाईची. ती दर्शनानं लिहिलेली नाही. तसं काही घडलेलं नाही. ओळ मी घातली, ती नको म्हणत असताना. आणि मग स्टेजवरून सगळं खरं आहे म्हणाले. ते मी खोटं बोलले. तिच्या आईला पुढे बसवून बोलले. मला... मला हॉलमध्ये एका माणसाला खूश करायचं होतं. मालनताई, तुमची मुलगी असं कधीच म्हणाली नाही." पोस्टातले काका खिडकीबाहेर बघत होते. नर्सनं तिला पाण्याची बाटली दिली. पंखा तेवढा गरगरत होता.

हितेशला तिनं स्वतः फोन केला. तो चिडला नाही, तेच जास्त लागलं. "ठीक आहे ताई," म्हणाला, "मग आता त्यात काय राहिलं?"

ते चित्रीकरण तिनं स्वतःच्या नावानं इंटरनेटवर टाकलं. गाणं जेवढ्यांनी पाहिलं होतं, त्यातल्या थोड्यांनीच हे पाहिलं. पाहिलं त्यांनी ऐकवलं. कुणी लिहिलं, 'अशांच्या हाती मुलं द्यायची?' नलिनीनं ते सगळं वाचलं. तिला पुसून टाकता आलं असतं, पण पुसलं नाही.

दर्शनानं ते आईला दाखवलं, आजीला, बाजारातल्या बायकांनाही. पुढे तिनंच वर्गाच्या जिन्यात नलिनीला सांगितलं. "आईनं दोनदा बघितलं. मग म्हणाली, बाई लई दमलेली दिसते." दर्शना जराशी हसली. "काल माझा ड्रेस तिनं घडी करून ठेवला. तोंडानं काही बोलली नाही, पण ठेवला."

"बरं झालं गं." नलिनी म्हणाली. "नवीन काही लिहिलंस?"

"लिहिते. पण मॅडम, मी आता येणार नाही." तिनं हे बरंच ठरवून आणलेलं दिसत होतं. "राग नाहीये. पण तुमच्यासमोर वाचायला लागले, की वाटेल, ही आता याचं काय करेल."

नलिनीनं मान हलवली. अडवण्यासारखं तिच्यापाशी काही नव्हतं.

वर्ग चालू राहिला, पहिल्यापेक्षा लहान. 'घरातली गोष्ट आणा' हे ती अजूनही सांगते, पण सांगताना तिची जीभ अडखळते. मुलानं ओळ वाचली की सुधारणा तिच्या ओठांवर येते, तेव्हा ती आधी विचारते, "मी बोलू का?" काहीजण नको म्हणतात. मग ती खरंच बोलत नाही.

पुढच्या गणपतीत चारकोपच्या मंडळानं तिला गायनाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं. श्रुतिका नावाची शाळकरी मुलगी उभी राहिली आणि तेच गाणं म्हणायला लागली, फोनवरून पाठ केलेलं. दुसऱ्या अंतऱ्याला तिचा गळा दाटून आला. मंडपातल्या आया पदरानं डोळे टिपायला लागल्या. नलिनी खुर्चीत मान खाली घालून बसली. उठून माईक घ्यावा आणि पुन्हा सांगावं, असं तिला वाटलं. पण मग समोरच्या पोरीचा चेहरा काय होईल, हेही दिसलं. तिनं गाणं संपू दिलं आणि नंतर मंडपामागे मुलीला गाठलं, तिच्या आईदेखत. ती ओळ कुणाची, कशी आली, सगळं सांगितलं.

श्रुतिकानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण मॅडम, गाण्यात तीच ओळ सगळ्यात भारी आहे ना?"

तिची आई तिच्यावर डोळे वटारायला लागली, तशी नलिनीनं हातानंच थांबवलं. मुलगी उत्तराची वाट बघत होती.

"हो," नलिनी म्हणाली. "भारी आहे." आणि तिला त्या पोरीसमोर मान वर करता येईना.